तलासरीचा एकमेव युजर

माणसाला न भेटता त्याच्याबद्दल छातीठोक बोलणारी दोनच शास्त्रं सध्या तेजीत आहेत: ज्योतिष आणि युजर रिसर्च. पहिलं जन्मवेळ विचारतं, दुसरं ‘कुकीज स्वीकारा’ म्हणतं. दक्षिणा दुसऱ्याची जास्त, कारण तिथले आलेख रंगीत असतात.

या शास्त्रालाही त्याचे ऋषी आहेत. अ‍ॅलन कूपर यांनी नव्वदच्या दशकात सांगून ठेवलं, की सगळ्या जगासाठी साइट बनवायला जाऊ नका. एक कल्पित माणूस उभा करा, त्याला नाव द्या, वय द्या, आणि त्याच्यापुरती बनवा. हा झाला पर्सोना. जेकब नील्सन 2000 साली म्हणाले, की पाच जणांना साइट वापरताना शेजारी बसून बघा, 85 टक्के अडचणी तिथेच कळतील. दोघांचंही म्हणणं रास्त. आपल्याकडे मात्र कल्पित माणूस तेवढा उचलला गेला. खरे पाच जण बघायचे तर डहाणू रोडला उतरून पालघर जिल्ह्यातल्या तलासरीची एसटी धरावी लागते.

समजा, एखाद्या कंपनीने सरकारी पोर्टलचा तलासरीतला युजर मुंबईत बसूनच शोधायला घेतला. पडद्यावर काय दिसेल? एकच कॉम्प्युटर. सकाळी दहाला त्यावरून एक विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला मागतो. अकराला तोच निराधार वृद्ध होतो. बाराला त्याच्या पहिल्या बाळंतपणाची नोंद होते. जेवणानंतर त्याचा वनहक्क दावा अडकलेला असतो आणि चारच्या सुमारास त्याची जात पडताळणी सुरू होते. वय 18 ते 80, लिंग अनिश्चित, चिकाटी अफाट. अहवालात लिहितील: ‘अत्यंत निष्ठावान ग्राहक. दिवसातून अनेकदा परततो, पानावर खूप वेळ रेंगाळतो.’

रेंगाळत नाही हो, ते पान गोल गोल फिरतंय.

हा ग्राहक म्हणजे बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातला पोऱ्या. 2011च्या जनगणनेत ज्या तालुक्यात दहांतले नऊ जण आदिवासी होते, तिथे गावोगावच्या लोकांच्या वतीने इंटरनेट वापरायचा मक्ता या पोऱ्याकडे आहे. कचेरीतला साहेब ‘ऑनलाइन करून आणा’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘याच्याकडे जा’ एवढाच असतो. या पोऱ्याला काय ठाऊक आहे, हे कुठल्याही डिझायनरने विचारलेलं नाही. त्याला सर्व्हरची झोपायची वेळ ठाऊक आहे. फोटो 20 केबीच्या वर गेला तर परत, 5च्या खाली गेला तरी परत, आणि कागद 75 ते 500 केबीच्या आतच हवा, हेही पाठ आहे. दारिद्र्यरेषेचं त्यापेक्षा बरं, तिला वरची एकच मर्यादा असते.

सगळं बसवलं, की ओटीपी.

‘मावशी, नंबर आला का?’

‘मोबाइल पोरगा घेऊन गेलाय.’

‘पोरगा कुठंय?’

‘बोटीवर.’

डहाणू-तलासरीची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, फक्त युजर जर्नीच्या नकाशात समुद्र काढलेला नसतो. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, पोरगा येणार पावसाळ्यात, मासेमारी बंद झाली की. तिकडे तज्ज्ञांच्या पडद्यावर नोंद होते: ‘युजरने प्रक्रिया मध्येच सोडली. बटणाचा रंग बदलून पाहावा.’

आता सर्च मार्केटिंगकडे वळू, तिथे पैसा आहे. आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 मध्ये शोधांचे तीन प्रकार पाडले: माहिती हवी असते, ठरावीक ठिकाणी पोचायचं असतं, किंवा काहीतरी उरकायचं असतं. नोव्हेंबर 2018पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरायला लागली आणि लोक तंबूत झोपू लागले. रात्री दोनला भांडी वाजली म्हणून कोणी ‘डहाणू भूकंप’ शोधतो, त्याला कुठल्या खणात टाकायचं? रिश्टरचा आकडा त्याला चार तासांनीही चालेल. आत जाऊन झोपू का, एवढंच त्याला विचारायचं असतं. या प्रश्नावर जाहिरात लावता येत नाही, म्हणून तो कीवर्ड नव्हे.

‘वाढवण’ मात्र भक्कम कीवर्ड. 30 ऑगस्ट 2024ला बंदराचं भूमिपूजन झालं, प्रकल्प 76 हजार कोटींच्या वरचा. हा शब्द किनाऱ्यावरचा मच्छीमारही टाइप करतो आणि मुंबईतला गुंतवणूकदारही. एकाला आपली जाळी कुठे टाकायची ते कळायला हवं असतं, दुसऱ्याला प्लॉट कुठे घ्यायचा ते. शब्द तोच, पण मोल दुसऱ्याच्या बोटाला. मग जाहिरातींच्या लिलावात त्या बोटासाठी बोली लागते, आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, ही गोष्ट जाहिरातीच्या दोन ओळींत बसत नाही. युजरला समजून घेणं म्हणतात ते हेच. समजून घ्यायचा युजर तेवढा पाकिटासकट असावा लागतो.

आणि डिझाइन! तिथे आपण कुणाला हार जात नाही. स्थानिक संस्कृतीचा मान ठेवायचा म्हणून पानाच्या वर-खाली वारली पट्टी असते. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, जगभर चित्रं गेली, आणि त्यांच्या कलेतला तारप्याभोवतीचा फेर आता साइट उघडेपर्यंत वेळ काढायला नाचवता येतो. साइटवर वारली नाचतो, वारल्याला साइट उघडत नाही. तक्रार केलीच, तर तोच फेर मोठ्या आकारात मिळेल. फाइल आणखी जड होईल, हा भाग वेगळा.

त्यातून गुजरात सीमेलगतचा फोन कधी कधी पलीकडच्या उंबरगावचा टॉवर पकडतो. सीमेवरच्या झाई गावात आपल्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं गुजरातमध्ये स्वागत होतं आणि पाठोपाठ गुजरातीतून गृहकर्ज येतं. हा म्हणे अचूक नेम.

एवढं सगळं पार करून एखादा अर्ज एकदाचा जातो, तेव्हा शेवटी एक खिडकी उघडते: ‘आपला अनुभव कसा होता?’ खाली पाच तारे. तारे दिल्याशिवाय पावती छापायचं बटण येत नाही. मागे रांग उभी असते, लाइट जायची वेळ झालेली असते. पोऱ्या न बघता पाचव्या ताऱ्यावर क्लिक करतो आणि ओरडतो, ‘चला, पुढचे!’ तिकडे मुंबईत कुणीतरी स्लाइडवर लिहितो: तलासरी, पूर्ण समाधानी.