एक पोट्टं, सहा वेळा

लॉगिन मिळालं त्या दिवशी मी घरी जिलबी नेली. बायकोनं विचारलं, "पगार वाढला?" म्हटलं, "अधिकार वाढला." पंचवीस वर्षं उपमा-उत्प्रेक्षा शिकवून माणूस 'मराठीचे सर' होतो, म्हणजे आभारप्रदर्शनाला उपयोगी पडतो. मला 'डेटावाले सर' व्हायचं होतं.

संस्थेनं सगळ्या कॉलेजांची माहिती एका डेटा वेअरहाउसमध्ये भरली होती. ज्याला जो अहवाल हवा त्यानं तो आपला आपण काढावा, मोठ्या बाबूंच्या टेबलाशी ताटकळू नये. मी तत्परतेनं त्याचं नामकरण केलं, 'विदाकोठार'. बाबू म्हणाले, "पेव म्हना न सर, सरळ." आणि चष्मा पुसता पुसता सांगितलं, की पेवाचं तोंड उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नसते, कोंडल्या हवेनं माणूस जाते.

मी उतरलो.

आत 'व्ह्यू' असतात. व्ह्यूमध्ये स्वतःचं काही साठवलेलं नसतं. तो एक लिहून ठेवलेला प्रश्न असतो. आपण उघडला की तो मूळ तक्त्यांना पुन्हा विचारतो आणि उत्तर समोर मांडतो. बघायचं, हात लावायचा नाही.

इथं मला भेंडवळ आठवलं नसतं तर मी बुलढाणा जिल्ह्याचा कसला! जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं: गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, करडी, जवस, सरकी... मध्ये खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ढेकळांवर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई. पुरी म्हणजे पृथ्वी, शेजारचं विड्याचं पान म्हणजे राजा. रात्रभर तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येतात, कोणता दाणा कुठं सरकला, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते बघतात आणि वर्षाचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मांडणी बघा! अठरा रकाने, चार तिमाह्या नव्हे तर चार महिने, रात्रीत कोणाची ढवळाढवळ नाही, आणि अहवाल सूर्य उगवायच्या आत. आमचा सर्व्हर मार्चअखेरीला तीन दिवस झोपला होता. शिवाय भेंडवळला एक शहाणपण आहे: मांडणी हजारोंनी बघावी, पण वाचावी एकानं. आमच्याकडं वाचायची मुभा सगळ्यांना, म्हणजे मलाही.

तर मी विद्यार्थ्यांचा व्ह्यू विषयांच्या व्ह्यूला जोडला. 2148 विद्यार्थी! रंगीत आलेख केला, बाण वरच्या दिशेनं. सभेत म्हणालो, "ग्रामीण भागातील ज्ञानपिपासा." प्राचार्यांनी आलेख बघितला, मग खिडकीतून बाहेरचं रिकामं मैदान बघितलं. "सर, एवढे बसवता कुठं?"

बाबूंनी मान वर न करता भागाकार केला. "358 आहेत. एक पोट्टं सहा विषय घेते सर. तुमी सहा पोट्टे मोजले."

तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझ्यासाठी चहा सांगताना "सहा सांगू का?" असं विचारतात.

दुसरा अहवाल मी जपून केला. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मुली 41, दुसऱ्याला 40. गळती 2.4 टक्के. इतका लहान आकडा म्हणजे शोभाच. या खेपेला टाळ्याही पडल्या.

टाळ्या ओसरल्यावर ती एक मुलगी कोण, हे बघायला मी पुन्हा पेवात उतरलो. नाव सापडलं. पुढं एकच शब्द, 'निष्क्रिय'. पहिल्या बाकावर बसायची ती. जनाबाई शिकवत होतो तेव्हा मलाच अडवून प्रश्न विचारणारी. आणि निष्क्रिय! त्या शब्दाचा मला इतका राग आला, की उठून सरळ बाबूंच्या टेबलाशी जाऊन ताटकळत उभा राहिलो.

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. नावापुढं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सोयाबीन गेली. भावाची फी भरली.'

मी म्हटलं, हे वेअरहाउसमध्ये जायला हवं. शेऱ्याचा रकाना मागून घेतो वरून. निदान या रजिस्टरात तरी पक्क्या शाईनं लिहून ठेवा.

"शाईनं नाई लिवत म्या," बाबू म्हणाले. "जूनमंधी आली परत, तं खोडा लागते."

आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे की नाही, ते त्यांनी बघून घेतलं.