खुर्ची साताऱ्यात, बाळ सांगलीत

साताऱ्यात हल्ली बाळाच्या आधी बाळाची खोली जन्माला येते. भिंतीवर ढग, छताला चांदण्या आणि मधोमध गुबगुबीत डुलती खुर्ची. खुर्चीचे हप्ते सुरू होतात आणि सूनबाई पहिल्या बाळंतपणाला सांगलीला, माहेरी जातात. तिथे माळ्यावरची बाज खाली येते, शेगडी पेटते, अळिवाची खीर शिजते. बाळ मांडीवर, आई भिंतीला टेकून. खुर्चीविना दूध पिता येत नाही, हे बाळाला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

इकडे आजोबा खुर्चीत पेपर वाचतात, डुलतात, घोरतात. बाळ तिसऱ्या महिन्यात कऱ्हाड ओलांडून घरी येतं, तोवर गादीला आजोबांचा आकार आलेला असतो. (कऱ्हाडचे यशवंतराव आणि सांगलीचे वसंतदादा मुख्यमंत्री झाले; तेव्हा खुर्चीत बसलेल्याला उठवणं किती अवघड, हे इथल्या लोकांना शिकवायला नको.)

खुर्ची घ्यायचीच असेल, तर दुकानात आईला बसवून बघा. तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, कोपर टेकायला खुर्चीला हात हवेत, पाठीला आधार हवा, आणि बाळासकट एकटीला उठता आलं पाहिजे. कापड धुता येणारं घ्या. आजोबांना वेगळी घ्या.