परताव्याची पर्स

पॅरिसला जाऊन आलेली मंडळी हल्ली आयफेल टॉवरबद्दल कमी आणि 'व्हॅट रिफंड'बद्दल जास्त बोलतात. फ्रान्समध्ये व्हॅट साधारणपणे 20 टक्के. एका दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी केली आणि पासपोर्ट दाखवला, की परताव्याचा कागद हातात पडतो. म्हणून 85 युरोंची पर्स आवडलेल्या बाई 16 युरोंचा नको असलेला स्कार्फही घेतात. बचत झाली!

खरी मजा विमानतळावर. 'पाब्लो' नावाच्या यंत्रापुढे रांग. कागदावरचा बारकोड दाखवायचा. हिरवी खूण आली की सुटलात. नाहीतर कस्टमच्या खिडकीवर वस्तू काढून दाखवा. मग मेतकुटाच्या पिशवीखाली दडलेला स्कार्फ शोधताना अख्खा संसार फरशीवर. एवढं करून हाती पडतात साधारण बारा टक्के, कारण मधली कंपनी आपला वाटा आधीच कापते.

ब्रिटनने लंडनच्या दुकानांतली ही सोय 2021 पासून बंदच केली. आपण त्याहून हुशार: 2017 च्या जीएसटी कायद्यात परदेशी पाहुण्यांसाठी तशी तरतूद लिहिली आणि वर्षानुवर्षं ती कागदावरच ठेवली. अतिथी देव असतो, आणि देव काही पावत्या सांभाळत नाही.

बाकी पर्सचं म्हणाल, तर पॅरिसमध्ये ती कोरी करकरीत, टॅगसकट होती. मुंबईच्या ग्रीन चॅनेलपर्यंत मात्र ती "अहो, जुनीच आहे, आईची!" झालेली असते.