तिसरं हाड

(पुण्याची नाना पेठ. दुचाकीचा कुठलाही अवयव सुटा मिळेल अशी गल्ली. सहा बाय आठचं दुकान. त्यात फोमचे गठ्ठे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, एक शिलाई मशीन आणि एक कारागीर. दुकानात जागा नसल्यामुळे काम फुटपाथवर चालतं आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. सध्याचं गिऱ्हाईक जरा जास्तच उभं आहे.)

कारागीर : बसा ना साहेब. हे स्टूल घ्या.

गिऱ्हाईक : नको, उभाच बरा आहे. परवा कोल्हापूरहून आलोय.

कारागीर : मोटरसायकलवर?

गिऱ्हाईक : हो. शिरवळला जरा आठवण झाली, साताऱ्याला जाणीव झाली, कराडला वेदना आणि कोल्हापुरात शिरताना वैराग्य. तांबडा रस्सा उभ्याने प्यायलो. वाढपी म्हणाला, पंगतीत जागा आहे. म्हटलं, मला नाही.

कारागीर : आणि आता कुठं?

गिऱ्हाईक : शनिवारी गोव्याला. निपाणी, आंबोली करत. साडेचारशे किलोमीटर. मामा, मला तुमच्याकडचा सगळ्यात मऊ फोम टाकून द्या. गादीसारखा. पैशाचं बघू नका.

कारागीर : मऊ टाकला तर निपाणीसुद्धा दिसायची नाही.

गिऱ्हाईक : म्हणजे?

कारागीर : इकडे या. ह्या मऊवर अंगठा दाबा. अजून. काय लागलं?

गिऱ्हाईक : फळी लागली.

कारागीर : अंगठ्याला फळी लागली. तुमचं वजन किती? ऐंशी?

गिऱ्हाईक : ...सत्त्याऐंशी.

कारागीर : सत्त्याऐंशी किलो दोन हाडांवर उभे. बुडाखाली दोन हाडं असतात, बसायची. मऊ फोम त्यांच्याखाली पार चेपतो, हाड खालच्या पॅनला टेकतं, मधलं मांस चेंगरतं, तिथलं रक्त थांबतं. तेच तुमचं वैराग्य. दुकानात सगळे हातानं दाबून बघतात आणि म्हणतात, वा, काय मऊ! हातानं कोण गाडीवर बसतं?

गिऱ्हाईक : म्हणजे कडक फोम टाकायचा?

कारागीर : खाली कडक, वर पातळ मऊ. भाकरीवर लोणी असतं तसं. तुम्ही नुसतं लोणी मागताय.

गिऱ्हाईक : पण मी वाचून आलोय. मला 50 डेन्सिटी हवी. 50 म्हणजे कडक ना?

कारागीर : नाही.

गिऱ्हाईक : मग मऊ?

कारागीर : तेही नाही. डेन्सिटी म्हणजे वजन. 40 म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. बेसनाचा लाडू आणि डिंकाचा लाडू सारख्या वजनाचे असले म्हणून दोन्ही दातांना सारखेच का? वजनदार फोम लवकर बसत नाही, टिकतो. मऊ-कडक ही वेगळी गोष्ट, ती कारखान्यात ठरते. लोक येतात, आकडा मागतात, आकडा घेऊन जातात. मग बुडाला आकडा टोचतो.

गिऱ्हाईक : (वही काढून) थांबा, लाडू लिहून घेतो.

कारागीर : आधी काय काय करून झालंय ते सांगा. सगळेच काहीतरी करून मग इथं येतात.

गिऱ्हाईक : जेलची गादी. ऑनलाइन मागवली. कराडला ढाब्यावर जेवायला थांबलो, गाडी उन्हात. येऊन बसलो आणि...

कारागीर : पापड.

गिऱ्हाईक : तुम्हाला कसं कळलं?

कारागीर : जेल उष्णता धरून ठेवतं. सकाळी गार, दुपारी तवा. पुढे?

गिऱ्हाईक : मेमरी फोम. बायकोची उशी कापली.

कारागीर : त्यांना विचारलंत?

गिऱ्हाईक : नंतर सांगितलं. पण मामा, ही वस्तू साधी नाही. 1966 साली नासासाठी तयार झाली, विमानातल्या सीटांकरता. दाबलं की तिला आकार लक्षात राहतो.

कारागीर : कुणाच्या लक्षात राहायला पाहिजे हो तो आकार? आणि ते थंडीत कडक पडतं, उन्हात ढिलं. सकाळी धुक्यात निघालात तर दगडावर बसून जाल. पुढे?

गिऱ्हाईक : लाकडी मण्यांचं कव्हर. जुन्या टॅक्सीत असायचं तसं.

कारागीर : टॅक्सीत माणूस टेकून बसतो. तुमच्या गाडीवर ते बेअरिंगचं काम करतं. ब्रेक मारला की मणी मागे आणि साहेब टाकीवर.

गिऱ्हाईक : (हळू) झालं तसं. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं, मी क्रिकेट सांगितलं.

कारागीर : पुढे?

गिऱ्हाईक : सायकलवाल्यांची गादीची चड्डी. आजोबांची घोंगडी चौपदरी करून. परदेशात लोक मेंढीचं कातडं टाकतात म्हणे.

कारागीर : घोंगडीचं डोकं बरोबर चाललं. लोकरीतून वारा खेळतो, घाम धरत नाही. तुम्ही एकपदरी टाकायची ती चौपदरी टाकलीत, उंटावर बसल्यासारखी. मग पाय टेकेनात.

गिऱ्हाईक : माझे टेकत होते. हिचे टेकेनात. ती पण चालवते अधूनमधून. सिग्नलला गाडी कलली, तिने मला सावरलं. म्हणजे गाडीला. मला नंतर.

कारागीर : (मान डोलावत एक खोका फाडतो, त्याचा नालीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवतो) बसा यावर.

गिऱ्हाईक : इथे? रस्त्यात?

कारागीर : माप घ्यायचंय. पाय जरा वर, गाडीवर असतात तसे. हात पुढं. हँडल धरा.

गिऱ्हाईक : हँडल कुठाय?

कारागीर : धरलंय असं समजा. आता हला डावी-उजवीकडे. अजून. उठा.

(गल्लीतले तिघे-चौघे जमतात. समोरचा चेनस्प्रॉकेटवाला काम सोडून येतो. एक पोरगा विचारतो, शूटिंग आहे का. कारागीर पुठ्ठा उजेडाकडे धरतो. लग्न जमवणारे गुरुजी पत्रिका धरतात तसा.)

कारागीर : हं.

गिऱ्हाईक : काय दिसतंय?

कारागीर : हा एक खड्डा, डावं हाड. हा दुसरा, उजवं. मधलं अंतर साडेचार इंच. ठीक आहे.

गिऱ्हाईक : मग चेहरा असा का केलात?

कारागीर : साहेब, हा तिसरा कुठला?

गिऱ्हाईक : तिसरा?

कारागीर : चौकोनी आहे. माणसाला तिसरं हाड नसतं, तेही चौकोनी.

(गिऱ्हाईक हळूच मागच्या खिशाकडे हात नेतं. निघतं ते पाकीट नव्हे, पाकिटाची वीट. त्यात चार कार्डं, दोन बंद पडलेल्या लायब्रऱ्यांची ओळखपत्रं, पिवळे पडलेले पेट्रोलचे कागद, एक देवाचं नाणं, आणि रुपये शंभर.)

कारागीर : हे कोल्हापूरलाही होतं? खिशात?

गिऱ्हाईक : हे बारा वर्षं खिशात आहे.

कारागीर : एका बाजूला दीड इंचाचं ओझं. कंबर वाकडी करून अडीचशे किलोमीटर. आणि शिव्या सीटला.

चेनस्प्रॉकेटवाला : मी म्हणालो होतो, ह्या माणसाची चाल तिरकी आहे.

गिऱ्हाईक : म्हणजे पाकीट काढलं की काम झालं? सीट नको?

कारागीर : (क्षणभर गप्प. हा क्षण त्याच्या धंद्याला बरा नाही.) अर्धं झालं. बाकीचं अर्धं सीटचं. गाडी बघू दे.

(गाडी साडेतीनशे सीसीची, पुढची सीट वेगळी, मागची वेगळी. कारागीर सीटवर गोटी ठेवतो. गोटी घरंगळत टाकीशी येऊन थांबते.)

कारागीर : बघा. उतार पुढं. तुम्ही दर दहा मिनिटांनी टाकीला चिकटत असणार आणि हाताने स्वतःला मागे ढकलत असणार. मनगटं दुखतात?

गिऱ्हाईक : दुखतात! पण मी तर समजत होतो, ऑफिसच्या माउसमुळे.

कारागीर : उताराच्या ठिकाणी कडक रिबाँड भरतो. ते फोमचा चुरा दाबून करतात, दगडासारखं राहतं. वर 40 चा, त्याच्यावर पाऊण इंच मऊ. जिथं हाडं टेकतात तिथं पाव इंच खड्डा, म्हणजे भार मांडीवरही पसरेल. पुढच्या कडा ग्राइंडरने तासतो. मांड्या आत येतील, उंची वाढली तरी पाय टेकतील. शिलाई मधोमध घेणार नाही. मध्ये शिवण आली की पाऊस आत, पाणी आत, आणि दोन दिवस ओल्या लंगोटावर बसल्यासारखं. रेक्झिनखाली पॉलिथिन टाकीन.

गिऱ्हाईक : आणि वर लाल धाग्याची चौकट? डायमंड पॅटर्न?

कारागीर : तुमची बैठक लोकांना दाखवायचीय का?

गिऱ्हाईक : नको, साधंच करा.

कारागीर : आणि शॉकॉप्सर पाचव्या खाचेवर कुणी ठेवलाय?

गिऱ्हाईक : मागे एकदा सिलिंडर आणला होता. तेव्हा.

कारागीर : सिलिंडर कधीच संपला असेल. दोनवर आणा. नाहीतर रस्त्यातला प्रत्येक गचका सरळ वर येतो आणि लोक म्हणतात फोम खराब. जीन्सही ही नको, खाली चार शिवणी एकत्र येतात, नेमक्या हाडाजवळ. आणि दर तासाला थांबायचं. पाच मिनिटं चालायचं. मध्ये मध्ये पायदानावर उभं राहायचं, बुडाला वारा लागू द्यायचा. त्याच्यापुढं कुठलाही फोम नाही.

गिऱ्हाईक : दर तासाला? मामा, आमच्या ग्रुपमध्ये थांबणाऱ्याला हसतात. अमेरिकेत तर एक संघटना आहे, 24 तासांत 1000 मैल पुरे केले की सर्टिफिकेट देतात. 1600 किलोमीटर! आयर्न बट असोसिएशन.

कारागीर : म्हणजे काय?

गिऱ्हाईक : लोखंडी बूड.

कारागीर : मग ते कशाला येतील माझ्याकडं?

गिऱ्हाईक : तुम्ही स्वतः कशावर बसता हो दिवसभर?

कारागीर : मी कुठं बसतो? उकिडवा असतो. तीस वर्षं.

(इतक्यात गिऱ्हाईकाची बायको येते. हातात भाजीची पिशवी. पुठ्ठा, गर्दी आणि रस्त्यात पडलेली पाकिटाची वीट यांच्याकडे ती एकदा बघते. काही विचारत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली आहेत.)

बायको : झालं का?

गिऱ्हाईक : अगं, चुकत काय होतं ते कळलं! तीन हाडं होती!

बायको : बरं. मागच्याचं काय ठरलं?

गिऱ्हाईक : मागच्याचं?

कारागीर : ताई, मागे बसता तुम्ही? (मागची सीट दाबतो. अंगठा लगेच थांबतो.) अरे देवा. हा फोम नाही, हा पापुद्रा आहे. एक इंचसुद्धा नाही.

बायको : मला माहीत आहे.

गिऱ्हाईक : पण तू कधी म्हणाली नाहीस!

बायको : पाठीत बुक्की कोण मारतं?

गिऱ्हाईक : ती... मला वाटायचं, निसर्ग बघ म्हणून मारतेस.

बायको : खंबाटकीच्या बोगद्यात निसर्ग?

कारागीर : ताई, मागचा माणूस नुसता बसलेला असतो. पुढच्याला खड्डा दिसतो, तो आधी ढुंगण उचलतो. मागच्याला खड्डा लागल्यावर कळतो. खरं तर चांगला फोम मागे पाहिजे. पण कंपन्या गाडी पुढच्याला विकतात.

गिऱ्हाईक : करा हो, दोन्ही करा. किती होतील ते सांगा.

कारागीर : पैशाचं नाही, दिवसाचं आहे. आज बुधवार. सोल्युशन सुकायला एक रात्र तरी पाहिजे आणि पुढं तीन सीटा लायनीत आहेत. शुक्रवारपर्यंत एकच होईल. पुढची किंवा मागची. तुमचं तुम्ही ठरवा.

(शांतता. चेनस्प्रॉकेटवाला निघाला होता तो परत येतो. गिऱ्हाईक पुढच्या सीटकडे बघतं, मग मागच्या, मग पाकिटाकडे, मग आकाशाकडे. गेल्या सोळा वर्षांत त्याने घेतलेले सगळे चुकीचे निर्णय त्याला एका रांगेत दिसतात.)

गिऱ्हाईक : (घशात) मागची करा.

बायको : नको. पुढचीच करू दे.

गिऱ्हाईक : (डोळ्यांत पाणी) तू ना... तू खरंच...

चेनस्प्रॉकेटवाला : अशी बाई मिळायला भाग्य लागतं साहेब.

बायको : मामा, पण माप माझं घ्या.

(कारागीर दुसरा खोका फाडायला लागतो. भाव तोच, मात्र हात भराभर चालतात.)

गिऱ्हाईक : तुझं का?

बायको : शनिवारी मी चालवणारे. जाताना आणि येताना.

गिऱ्हाईक : आणि मी?

बायको : मागे.

गिऱ्हाईक : पण मागे तर पापुद्रा आहे!

बायको : गेली पाच वर्षं तू सगळ्यांना सांगतोयस, हिला मागे एकदम आरामात वाटतं. मामा, कडा किती तासाल? माझे पाय टेकले पाहिजेत.

कारागीर : टेकतील ताई. आधी ह्यावर बसा. मागच्या खिशात काही नाही ना?

बायको : मला मागचे खिसेच नाहीत.

गिऱ्हाईक : निदान दर तासाला थांबशील ना? मामांनी सांगितलंय.

बायको : बुक्की मार. निसर्ग आला असं समजेन.