मंधात फोटो नको

लढाऊ विमानांच्या संगणकी खेळात लोक विमानं पाडतात. मी वैमानिकासमोरच्या काचेवरचं नेमाचं वर्तुळ आखत बसतो. पाडण्याचं काम आमच्या मलकापुरात वीज परस्पर करते; ती गेली की मित्र-शत्रू एकदमच कोसळतात.

हे वर्तुळ शोभेचं नव्हे. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. दिव्याचा उजेड भिंगातून तिरप्या काचेवर पाडायचा, की आकृती थेट अनंतावर तरंगते. वैमानिकाची मान हलली तरी नेम हलत नाही. पुढचा हिशेब मिलचा. हजार मीटरवर एक मीटर, म्हणजे एक मिल. 1965 च्या युद्धात आपल्या चिमुकल्या नॅट विमानाने ज्याला घाम फोडला, त्या पाकिस्तानी सेबरचे पंख सुमारे 11.3 मीटर. अडीचशे मीटरवर ते 45 मिल भरतात. म्हणून माझं वर्तुळ 45 मिलचं. पंख दोन्ही कडांना टेकले, की ओढा चाप.

हे गणित इतकं भिनलंय, की महामार्गावर अडीच मीटर रुंदीचा ट्रक दिसला तरी मी एक डोळा मिटून पुटपुटतो, "25 मिल, अंतर शंभर." बायको म्हणते, "अहो, त्या ड्रायव्हरला डोळा काय मारताय?"

आकृती रेखीव हवी, आणि आमच्याकडे कोरलड्रॉ कोळून प्यायलेला माणूस म्हणजे फ्लेक्सवाला. त्याने माझं वर्तुळ, चार रेघा आणि एक ठिपका बराच वेळ न्याहाळला.

"सर, वाढदिवस कोनाचा हाये?"

"कुणाचाच नाही."

"मंग मंधात फोटो टाकू ना! लय रिकामं दिसते."

मी सांगितलं, मधे शत्रू येणार आहे. "मंग त्याचाच टाकू," तो म्हणाला. राजकारणातला अनुभव दांडगा! रेघ केसाएवढी हवी, जाड झाली तर लांबचं विमान तिच्याआडच लपतं, हेही समजावलं. तोवर त्याने सोनेरी किरणं, खाली कमळ आणि "शुभेच्छुक" एवढं उरकलं होतं. ते सगळं पुसताना त्याचा चेहरा पाहवेना.

शेवटी पार्श्वभूमी पारदर्शक करून चित्र लॅपटॉपवर चढवलं. सेबर आलं, पंख कडांना टेकले. तो पहिल्यांदाच खुर्ची ओढून जवळ बसला.

"सर, हे इमान रुंदीले किती फूट?"

"सदतीस."

"अन् उंची सांगा. चौरस फुटाचा भाव कमी लावतो."