पाच पिक्चर आणि अख्खी आळी (मे 2020)

अहो, ऐकलंत का? तिथंच थांबा, जवळ नका येऊ, पदर तोंडाला लावा आणि कान तेवढे इकडं करा. मास्तरांच्या घरात अबोला आहे. हो हो, आपल्याच मास्तरांच्या. आणि कशावरून, तर पिक्चरवरून! या वयात, या लॉकडाऊनमधे, पिक्चरवरून... हसावं का रडावं कळेना. मी हसले.

तुम्ही आळीचा ग्रुप उघडतच नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय. 2 मे ला उत्तर रामायण संपलं ना, तिथून सुरू झालं हे. रात्री नवाच्या ठोक्याला हातातलं काम टाकून टीव्हीपुढं बसायची सवय लागलेली सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी श्रीकृष्ण लागलं म्हणा, पण रामायणाची सर नाही हो त्याला, असं सासूबाईंचं मत, आणि आमच्या घरात त्यावर अपील नसतं. त्यातच 3 मे ला उठणार, उठणार म्हणता म्हणता लॉकडाऊन 17 तारखेपर्यंत वाढला. मग गिरणीवाल्यांचा तो पुतण्या, पुण्याला कॉम्प्युटरमधे आहे बघा, चार दिवसांसाठी म्हणून मार्चात आला नि इथंच अडकला, त्यानं ग्रुपवर टाकलं: प्रत्येक घरानं आवडते पाच पिक्चर कळवायचे. पाचच. ज्यांना जास्त मतं, ते एकेका रात्री सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे, ज्यानं त्यानं आपल्या घरात. आणि संपल्यावर ओट्यावर येऊन लांबूनच बोलायचं. आयडिया चांगली होती हो. पण माणसाला पाच पिक्चर विचारले की घरातलं सगळं बाहेर येतं, हे त्या पोराला काय माहीत! लग्न व्हायचंय अजून.

पहिली यादी अर्थातच मास्तरांची. नंबर घालून, खाली नाव लिहून. ‘श्यामची आई’, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ आणि ‘श्वास’. वर माहितीही जोडलेली. ‘श्यामची आई’ 1953 चा, आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला. आणि मराठीला पुन्हा तो मान मिळाला तो थेट ‘श्वास’ला, 2004 साली. आणि मधले तिन्ही जब्बार पटेलांचे. ‘जब्बार पटेल म्हणजे आपले दौंडचे’ हे वाक्य त्यांनी दोनदा टाकलं. खरंच आहे ते. लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. दिवसा पोरांचे घसे तपासायचे आणि त्यातून वेळ काढून असले पिक्चर करायचे. गिरणीवाल्या वहिनींचं माहेर दौंडचं, त्यांना काय आनंद झाला! जसं काही ‘सिंहासन’ यांच्याच अंगणात शूट केला.

आता ‘सामना’ म्हणजे साखर कारखान्याचा पिक्चर. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, निळू फुले त्यात हिंदुराव धोंडे पाटील. आपल्याकडं कारखान्यावर बोलायचं म्हणजे आधी मागं कोण उभं आहे ते बघावं लागतं. ग्रुपवर एका संचालकांचे मेहुणे आहेत. त्यांनी सगळ्यांच्या यादीला अंगठा दिला, मास्तरांच्या यादीला नाही. मी नीट बघितलं. मास्तर म्हणतात, हा पिक्चर आधी पडला होता, मग 1975 ला बर्लिनच्या महोत्सवात गेला, आणि परत लावला तर लोक रांगा लावून बघायला लागले. घ्या! बाहेरच्यानं चांगलं म्हटल्याशिवाय आपल्याला घरचं गोड लागत नाही.

तर काय सांगत होते... हां, अबोला. मास्तरांची यादी पडली, सगळ्यांनी हात जोडले, आणि दहा मिनिटांत मास्तरीणबाईंच्या स्वतःच्या मोबाईलवरून दुसरी यादी आली. वर लिहिलेलं, ‘वरची यादी एकट्याची आहे, घराची नाही.’ आणि एक नंबरला कोण? ‘पिंजरा’!

अहो, मास्तरांचं तोंड बघायला हवं होतं. त्या वेळी ते गॅलरीत उभे, मी इकडं कुरडया वाळत घालत होते, त्यामुळं मला अगदी समोरून दिसलं. चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला, परत जवळ धरला. आणि आत वळून म्हणाले, ‘अगं, माझे विद्यार्थी आहेत ग्रुपवर!’ कारण ‘पिंजरा’ म्हणजे तुम्हाला सांगायला नको. गावाला तमाशापासून वाचवायला निघालेला आदर्श मास्तर, आणि शेवटी संध्याच्या फडात तुणतुणं घेऊन उभा. आतून मास्तरीणबाई काय म्हणाल्या, ते मात्र अख्ख्या आळीनं ऐकलं. म्हणाल्या, ‘तुमच्या सामनातही श्रीराम लागूच आणि माझ्या पिंजऱ्यातही लागूच. तुमच्यातही मास्तर, माझ्यातही मास्तर. मग लाज माझ्याच मास्तराची का?’ बरोबर आहे ना? लागू आत्ता डिसेंबरातच गेले बिचारे, त्यांच्या नावानं तरी ‘पिंजरा’ लावायला काय हरकत आहे? 1972 सालचा, त्यांचा पहिला मोठा पिक्चर. पण नाही. तेव्हापासून त्या घरात चहासुद्धा नातवाच्या हातानं आत-बाहेर जातोय.

आता आमच्या घरचं ऐका, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. सासूबाई म्हणाल्या, माझा एकच, ‘सांगत्ये ऐका’. 1959 चा. पुण्याच्या विजयानंदला सव्वाशेवर आठवडे चालला होता तो. जयश्री गडकर, हंसा वाडकर. त्या पुतण्यानं लगेच ज्ञान दिलं की हंसाबाईंच्या आत्मचरित्राचं नावही तेच, आणि त्यावरून बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटीलचा. सासूबाईंना त्याचं काही नाही. त्यांनी तो पाहिला जत्रेतल्या तंबूत. तुम्ही पाहिलेत ना ते तंबू? ट्रकवरून यायचं सगळं, तंबू, पडदा, मशीन, लाऊडस्पीकर. दिवसभर गाडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ओरडत फिरायची आणि अंधार पडला की खेळ. खाली माती, बायका एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला. रीळ तुटलं की शिट्ट्या. सासूबाईंचं माहेर कवठ्याकडचं, तिथं तमाशाचं वेड मातीतच आहे. कवठे येमाईच्या बी. के. मोमीन यांनी किती वग, किती लावण्या लिहून दिल्या फडांना, विठाबाईंच्या नावाचा सरकारी पुरस्कार मिळाला त्यांना. अशा गावची पोर ‘सांगत्ये ऐका’ला जाणार नाही तर काय कीर्तनाला?

तर सासूबाई रंगात येऊन सांगताहेत, कसं पोत्यावर बसून पाहिलं, कशी थंडी होती, कसे परतताना शेंगदाणे खाल्ले... आणि मामंजी हळूच म्हणाले, ‘पण मी तर तुला तंबूत कधी नेलं नव्हतं.’ झालं! सासूबाई गप्प. ‘लग्नाआधीचं आहे ते,’ म्हणाल्या. ‘मैत्रिणी होत्या.’ मामंजींनी पेपर उघडला. पेपर कालचाच होता हो, आणि उलटा. साठ वर्षांनी माणसाला शंका येते म्हणजे... पण आपण कशाला बोला.

त्यात आमची धाकटी जाऊ. तिनं एक नंबरला काय टाकावं, ‘माहेरची साडी’! अलका कुबलचा. 1991 ला तो लागला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका जायच्या, आठवतंय ना? घरून येताना जास्तीचा रुमाल घेऊन यायच्या. तो म्हणे मुळात राजस्थानी पिक्चरवरून घेतलेला. म्हणजे सासू काय शिरूरला काय नि जोधपूरला काय... बरं, जाऊ द्या. सासूबाईंनी यादी वाचून दाखवायला सांगितली. ‘माहेरची साडी’ म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला. ‘म्हणजे मी त्यातली सासू, उषा नाडकर्णी का?’ जाऊ म्हणाली, ‘नाही हो आई, गाण्यांसाठी टाकलाय.’ पण तोंड उतरलं ते उतरलंच. त्या रात्री भाकरीला नावं ठेवली त्यांनी. भाकरी मीच केली होती!

लाल गेटवाल्यांकडं तर शांतताच आहे. त्यांच्या मुलीनं ‘सैराट’ लिहिला. नुसता ‘सैराट’ असता तर ठीक, मराठीत तेवढा पैसा तोवर कुणी मिळवला नव्हता, कुणीही लिहील. नागराज मंजुळे तिकडच्या जेऊरचा, दौंडहून सोलापूरची गाडी धरली की मधे लागतंच ते, रिंकू अकलूजची, सगळं आपल्याच बाजूचं. पण तिनं पाचही ओळींत ‘सैराट’च लिहिला. पाच वेळा! वडिलांनी ग्रुपवर ‘चुकून गेलं’ असं टाकलं. तिनं खाली टाकलं, ‘चुकून नाही.’ आता मुलगी बारावीला आहे, कुठं जाणार आहे लॉकडाऊनमधे, मी म्हटलं वहिनींना, काळजी करू नका. पण बुलेटची चावी लपवून ठेवलीय त्यांनी, हे मला त्यांच्याच कामवालीनं फोनवर सांगितलं.

आणि ते दोन दिवस आठवतात का, 29 आणि 30 एप्रिल? आधी इरफान, दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. आमच्या यांनी दोन दिवस दाढी केली नाही. मी म्हटलं, लॉकडाऊनमधे तशीही कुठं करता! त्यांच्या यादीत ‘बॉबी’ आलाच. माझा विचाराल तर ‘लंचबॉक्स’. इरफानसाठी आहेच, पण त्यातल्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाईंसाठी जास्त. भारती आचरेकर. अख्ख्या पिक्चरमधे बाई एकदाही दिसत नाही, नुसता आवाज. खिडकीतून मसाला विचारायचा, सल्ला द्यायचा, टोपली खाली सोडायची. मला तर तीच हिरॉईन वाटते. भिंतीपलीकडच्या बाईला किती महत्त्व असतं, ते तो एकच डायरेक्टर ओळखून आहे.

त्या पुतण्याची यादी सांगायचीच राहिली. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. म्हणाला, 3 मे ला आपला लॉकडाऊन उठायचा होता ना, त्याच 3 मे ला, 1913 साली, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कोरोनेशनला लागला. आणि त्यात तारामती झाली होती एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांची. बाई मिळेना म्हणून बाप्या! म्हणजे बघा, साडी नेसलेल्या पुरुषावरच आपला धंदा उभा राहिला... आणि इथूनच गाडी आली ‘अशी ही बनवाबनवी’वर. आता मुख्य गंमत. इकडं सरका. नको, तिथूनच ऐका.

कोपऱ्यावरच्या काकूंच्या माडीवर ती चार पोरं राहतात ना, रांजणगाव एमआयडीसीतली? दोघं लातूरकडचे, एक यवतमाळचा, एक बिहारचा. गाड्या बंद, कंपनी बंद, एका खोलीत चौघं. काकू कशा तुम्हाला माहीतच आहे. पाण्याची मोटर किती मिनिटं चालली ते घड्याळ लावून बघतात. नवानंतर जिन्याचं दार बंद. तर त्या पोरांनीही यादी पाठवली. एकच नाव, ‘बनवाबनवी’, आणि पुढं हसणारे चार चेहरे. चार पोरं, एक खोली, वर घरमालकीण! त्यातल्या मालकीणबाई लीलाबाई काळभोर, आडनावही आपल्या लोणीकडचं. काकूंच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पण पडला. ओट्यावर येऊन वर बघून म्हणाल्या, ‘कोण रे तो लीलाबाई म्हणणारा?’ पोरं चिडीचूप. आणि बिहारचा पोरगा, त्याला काय कळलं देव जाणे, वरून हात जोडून म्हणाला, ‘नमस्ते, लीलाबाई!’

मी पळत आत गेले हो. हसू आवरेना.

त्यात सरकारनं एप्रिलातच सांगितलंय, घरमालकांनी तीन महिने तरी भाड्याचा तगादा लावू नये. काकूंना विचारलं तर म्हणतात, ‘पुढं ढकला म्हणालेत, सोडा नाही म्हणाले. माझ्या वहीत लिहिलेलं आहे.’ पण ऐका, हे कुणालाच माहीत नाही. काकूंची स्वतःची यादी पुतण्याकडं खाजगीत गेली होती. आणि त्यातही एक नंबरला ‘बनवाबनवी’च! सुधीर जोशींसाठी, म्हणे. आता काल रात्री तो लागला, 1988 चा, सगळ्यांना तोंडपाठ. सत्तर रुपयांचा प्रसंग आला तेव्हा घराघरातून एकदम हशा, कुणी अर्धा मिनिट पुढं, कुणी मागं. आणि साडेअकरापर्यंत काकूंच्या जिन्याचं दार उघडं. मी बघितलं. पिठलं-भाकरीचं ताट वर गेलं. रिकामं ताट मात्र त्यांनी खालीच घासायला लावलं, मोटर लावायची नाही म्हणून.

अशोक सराफ, सचिन, लक्ष्या... लक्ष्या जाऊनही आता पंधरा वर्षं झाली, आणि तो शांतारामबापूंचा नातू सिद्धार्थ, तोही गेला. ‘पिंजरा’ही शांतारामबापूंचाच नाही का? एका घरातून दोन. हे मी मास्तरीणबाईंना सांगितलं, आणि त्या आज ते मास्तरांना ऐकवणार आहेत. मतं मोजली तर दोन नंबरला ‘पिंजरा’च आहे, ‘सामना’ला एकच. आणि मला विचाराल तर मास्तरांचंही मत ‘पिंजऱ्या’लाच असतं, विद्यार्थी ग्रुपवर नसते तर. परवा पहाटे अंघोळीला काय गुणगुणत होते, ते आमच्या न्हाणीघरात स्पष्ट ऐकू येतं.

तर आता तुमच्याच घरची यादी राहिलीय. संध्याकाळी सहाच्या आत टाका, पुतण्या वाट बघतोय. खरे आवडते पाच लिहा, उगाच मेडलवाले नकोत. आणि ‘पिंजरा’ लिहिणार असाल तर तुमच्या भाऊसाहेबांना विचारत बसू नका, तुमच्या मोबाईलवरून टाका.