निवडुंग हाय, भात न्हवं

जत तालुक्यातल्या मामेभावाने डाळिंब काढून ड्रॅगन फ्रूट लावलं आणि माझ्या डोक्यात शेती शिरली. सिमेंटचे खांब, खांबाच्या डोक्यावर गोल रिंग, एका खांबाला चार रोपं आणि रिंगेवरून खाली लोंबणारे काटेरी हात. हे बघून आपल्या पुण्यातल्या साडेचार फुटी बाल्कनीतही एक खांब मावेल, असं मला वाटलं. वाटायला काय जातं?

निघताना त्याने गोणपाटात पाच तुकडे गुंडाळून दिले. हातभर लांब, तीनधारी. "दादा, आठवडाभर सावलीत ठेव. काप सुकला पायजे. आन् पानी बेतानं. निवडुंग हाय, भात न्हवं."

निवडुंगाकडे निवडुंग म्हणून बघावं. मी पाहुणा म्हणून बघितलं. प्रवासाने दमले असतील म्हणून त्याच संध्याकाळी कुंडीत खोचले आणि दोन्ही वेळा तांब्याभर पाणी. पंधराव्या दिवशी एकाला चाचपायला गेलो तर बोटं आतच गेली. नुसता बुळबुळीत गर. बायकोने नाक दाबून विचारलं, "भरीत का?"

दुसरी खेप मात्र शिस्तीत सुकवली. या वेळी त्याने तुकड्यांचं एक टोक पेन्सिलीसारखं तासून दिलं होतं. तासलं की मधली काडी उघडी पडते आणि मुळं तिथून फुटतात, हे मला नंतर कळलं. अणकुचीदार बाजू वर असते, हे ज्ञान मी रॉकेटवरून घेतलेलं. पाचही जण महिनाभर शीर्षासनात होते. व्हिडिओ कॉलवर मामेभाऊ काही बोलला नाही. फक्त त्याने फोन शेजारी उभ्या गड्याकडे फिरवला.

सरळ केल्यावर दोन जगले, आणि जगले ते असे की दीड वर्षात कपड्यांची दोरी त्यांची झाली. माझ्या दोन बनियनांना अजून त्यांच्या काट्यांची भोकं आहेत.

जुलैत कळी आली. मग मी गप्प बसतोय थोडाच! ही वेल मूळची मध्य अमेरिकेकडची. २०२१ साली गुजरात सरकारने फळाचं नाव 'कमलम' ठेवायचं ठरवलं, कारण आकार कमळासारखा. हे सगळं जेवताना तीनदा सांगून झालं. फूल एका रात्रीचं, सकाळी मान टाकणारं. तिसऱ्या मजल्यावर पतंग, वटवाघळं कुठली यायला? म्हणजे परागीभवन माझ्याकडे. लेकीचा रंगाचा ब्रश मी आधीच मागून ठेवला होता.

रात्री दहाला फूल उमललं. पांढरंशुभ्र, ताटलीएवढं. ब्रश नेमका दप्तरात निघाला, तो शोधायला पाच मिनिटं गेली. परत आलो तर वेलीवर नुसता हिरवा देठ, कात्रीने नीट कापलेला.

"आई, फूल?"

"देवाला वाहिलं. खालच्या काकूंचं ब्रह्मकमळ उमललं तेव्हा त्यांनी नाही का वाहिलं? आणि तूच म्हणालास ना, कमळ आहे म्हणून."

देवघरात समई लावलेली होती. पिवळेधमक पराग सगळ्या देवांवर सांडले होते, सर्वांत जास्त बाळकृष्णावर. ब्रश माझ्या हातात तसाच होता.